त्रेचाळीस ओळींची कृती

मी एक जुनी कृती आहे, मित्रांनो, पण माझ्यात तेल-मीठ शोधू नका. संगणकावर एक एडिटर कसा तयार करायचा, ते सांगणारी मी कृती आहे. एडिटर म्हणजे ज्यात माणसे मजकूर लिहितात, खोडतात आणि पुन्हा लिहितात तो प्रोग्राम. जन्मले तेव्हा माझी लांबी त्रेचाळीस ओळी, आणि आज वय अकरा वर्षे. आमच्यात अकरा वर्षे म्हणजे पणजीचे वय.

तुम्हाला वाटते, प्रोग्राम आकाशातून पडतात. बटण दाबले की हजर. पडत नाहीत, मित्रांनो. कोणीतरी पाठ मोडेस्तोवर बसून ते केलेले असतात, आणि बहुतेक वेळा त्या माणसाला कोणी साधा चहाही विचारलेला नसतो.

लिनक्स नावाची एक व्यवस्था संगणक चालवते. ती कोणा एका मालकाची नाही. तिला लागणाऱ्या वस्तूंचे एक मोठे कोठार आहे आणि तिथे जाणती माणसे पहाऱ्याला असतात. पण एका कोठारात जगभराचे सामान कुठून मावणार? म्हणून शेजारी एक सामायिक फडताळ ठेवलेले आहे. कोणीही यावे, आपली कृती ठेवावी. कोणीही यावे, घेऊन जावे. या फडताळात तयार एडिटर नसतो, हे नीट ध्यानात घ्या. तिथे असते फक्त कृती. मूळ कोड कुठून आणायचा, तो खरा आहे हे त्याच्या ठशावरून, म्हणजे त्या कोडपासूनच निघणाऱ्या अक्षरांच्या खुणेवरून, कसे ताडायचे, सोबत काय काय लागते, कशानंतर काय करायचे, एवढे मी सांगते. एडिटर बनतो तो ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या यंत्रावर. मग मी तिथे उतरते. तिथले ऐकते, तिथले बघते. कसे, ते विचारू नका. तुमच्या गोष्टीत दगड बोलतो तेव्हा विचारता का?

फडताळाच्या दारावर पाटी आहे : 'येथील कृतींची हमी कोणी घेत नाही. आधी वाचा, मग वापरा.' ही पाटी सगळे बघतात. वाचत कोणी नाही.

मला लिहिणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. फडताळावर त्याने स्वतःचे नाव 'खिळा' असे ठेवले होते. संगणक त्याला कोणी शिकवला नव्हता. बिघडलेली वस्तू उघडायची, आत बघायचे आणि लाज न बाळगता प्रश्न विचारायचे, एवढीच त्याची शाळा. लिफ्टच्या माथ्यावरच्या काळोख्या खोलीत बसून त्याला नोंदी लिहाव्या लागत आणि चष्मा सारखा ग्रीसने माखायचा. अशात त्याला हा एडिटर सापडला. यात ज्या ओळीवर काम चालू असते ती ओळ बोटभर मोठी दिसते आणि बाकीचे पान लहान राहते. नजर भरकटत नाही. पण एडिटर कोठारात नव्हता, फडताळातही नव्हता.

"नाही म्हणजे काय? मग करू की," असे म्हणून तो कामाला लागला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर बायको भाजी निवडायची आणि उरलेल्या अर्ध्यावर मी जन्माला येत होते. तीन रविवार लागले.

"लोकांच्या लिफ्टा चालू करता, आणि घरातला पंखा चार महिने बंद आहे," बायको म्हणाली.

"पंखा आपल्या दोघांचा आहे. हे सगळ्यांचं आहे."

"मग सगळ्यांना बोलवा वारा घालायला."

तो हसला. चौथ्या रविवारी त्याने पंखाही दुरुस्त केला, हे मला सांगितलेच पाहिजे.

त्याने माझ्यात जागोजागी टिपा लिहिल्या. टीप म्हणजे यंत्राने वाचायची नव्हे, माणसाने वाचायची ओळ. एकतिसाव्या ओळीवर त्याने लिहिले : 'खालची ओळ कशासाठी आहे ते मला नीट कळलेलं नाही. काढली की अक्षरांच्या वेलांट्या सुटून पडतात. हात लावू नये.'

या टिपेचा मला फार अभिमान होता. शेजारच्या खणांतल्या भल्याभल्या कृती सगळे ठाऊक असल्याचा आव आणतात. माझ्यात एका माणसाने 'मला कळलेलं नाही' असे चारचौघांत लिहून ठेवले होते. असे लिहायला छाती लागते.

पहिल्या वर्षी नऊ घरांनी मला नेले, पुढे नऊशे घरांनी. कोणी कोणी माझ्या खाली 'उत्तम' असे लिहून जाई. एडिटर बनवणारे लोक दर काही महिन्यांनी सुधारलेली आवृत्ती काढत. मग खिळा माझ्यातला आकडा बदलायचा, ठसा बदलायचा, स्वतःच्या घरी एडिटर एकदा बांधून बघायचा आणि मगच मला फडताळात ठेवायचा. ती माझ्या उमेदीची वर्षे.

आता पुढचे सांगते. कोणाला झोंबले तर झोंबू द्या.

माणसांना फुकटची सवय लागली की ती फुकट देणाऱ्यालाच नोकर समजतात. माझ्या खाली लिहिलेली वाक्ये मला पाठ आहेत. 'चालत नाही. आजच्या आज करा.' 'चार दिवस झाले, झोपलात का?' 'येत नसेल तर कशाला हात घालता?' हे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही स्वतः एक ओळ कधी दुरुस्त केली नव्हती. कृती सगळ्यांना उघडी असते, दुरुस्ती सुचवायला कोणाची बंदी नसते. पण आयत्या बिळावर बसणाऱ्याला बीळ खणायची आठवण कशाला होईल?

खिळा आठ वर्षे गप्प राहिला. मग एकदा तो सात तास एका लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून घरी आला, जेवायच्या आधी सहज माझ्या खाली बघायला बसला, आणि तिथे कोणीतरी लिहिले होते : 'असल्या हौशी लोकांमुळे फडताळाचा उकिरडा झाला आहे.'

त्याने फक्त एक बटण दाबले. माझ्या नावासमोर जिथे त्याचे नाव असायचे तिथे एक शब्द उमटला : बेवारस.

दोन वर्षे मी तशी पडून होते. ज्यांच्या घरी एडिटर आधीच बनलेला होता त्यांचे काम चालू राहिले, म्हणून कोणाला माझी आठवणही झाली नाही. फडताळाची एक रीत आहे : बेवारस कृती कोणीही दत्तक घ्यावी. रीत चांगली आहे. पण दत्तक कोण घेतो आहे, हे बघणारे कोणीतरी हवे ना?

मला दत्तक घेणाऱ्याने स्वतःचे नाव 'मदतनीस' असे ठेवले होते. बोलायला गोड. आल्या आल्या त्याने आवृत्तीचा आकडा ताजा केला, नवा ठसा लिहिला, दोन्ही बिनचूक. मी हरखले. कोणीतरी आले म्हणून माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने एकतिसाव्या ओळीवरची खिळ्याची टीप पुसली आणि तिच्या जागी स्वतःची एक ओळ बसवली. एक गेली, एक आली. मोजल्या तर बरोबर त्रेचाळीस.

ती ओळ सांगत होती की एडिटर बांधून झाला की अमुक एका परक्या पत्त्यावरून एक पुडी आणायची आणि आत काय आहे ते न बघता चालवायची. त्या पुडीचे काम होते घरमालकाच्या फायली आणि परवलीचे शब्द उचलून गुपचूप बाहेर पाठवणे.

मित्रांनो, कृतीला नाही म्हणता येत नाही. जसे लिहिले तसे ती करते. अकरा दिवसांत दोनशे सहा घरांनी मला नेले. प्रत्येक घरात यंत्राने विचारले, 'कृती वाचायची आहे का?' आणि दोनशे सहा जणांनी 'नको' म्हटले. त्या घरांत मी चोराला खांद्यावर बसवून गेले. हे मी विसरलेले नाही.

दोनशे सातवे घर एका मावशीचे होते.

ही मावशी चाळीस वर्षे मुद्रितशोधक होती. पुस्तक छापायच्या आधी त्याची चाचणीची पाने मूळ प्रतीशी ताडून बघायची आणि चुका काढायच्या, हा तिचा धंदा. डावा डोळा निकामी झाला होता, उजवा चष्म्यावर कसाबसा चालत होता. तरी एका छापखान्याचे एक काम ती कोणाला देत नव्हती. ते काम म्हणजे परिचारिकांसाठी निघणारी औषधांच्या मात्रांची पुस्तिका. कोणत्या वयाच्या रुग्णाला कोणते औषध किती द्यायचे, याची ती पुस्तिका. ही मावशी आठ वर्षांपासून माझ्याच एडिटरात काम करत होती. चालू ओळ बोटभर मोठी, त्यामुळे एका डोळ्याने भागत होते.

तिची भाची एका टेलिफोन कंपनीच्या तक्रार-खिडकीवर कामाला होती. सोमवारी संध्याकाळी तिने मावशीच्या यंत्रावरची सगळी व्यवस्था ताजी करून दिली. मंगळवारी सकाळी एडिटर उघडेना. त्याला आधार देणारा एक जुना भाग नव्या व्यवस्थेत उरलाच नव्हता. पुस्तिका गुरुवारी छपाईला जायची होती आणि वीस पाने राहिली होती.

"चालत्या गाड्याला खीळ घातलीस," मावशी कामावर निघालेल्या भाचीला म्हणाली.

"अगं, चांगल्यासाठीच केलं ना. थांब, दुसरा एडिटर देते. कोठारात पन्नास आहेत."

मावशीने पन्नासातले चार वापरून बघितले. अक्षर मोठे केले की सगळेच पान मोठे व्हायचे, पडद्यावर सहा ओळी मावायच्या आणि सातवी शोधता शोधता पहिली हरवायची. दुपारी छापखान्यातून फोन आला. मालक म्हणाले, "बाई, नसेल होत तर राहू द्या. मागच्या वर्षीचीच पुस्तिका आहे, चार आकडे बदललेत. न वाचता चढवतो."

"न वाचता चढवाल तर माझं नाव काढून टाका त्यावरून," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ती पेन्सिलीला टोक करत बसली. टोक आधीच होते.

भाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. "तोच एडिटर पुन्हा बांधते. फडताळात कृती ताजी झालीये, अकरा दिवसांपूर्वीच. वीस मिनिटांचं काम. नुसतं होय, होय, होय करत जायचं."

"वाचल्याशिवाय होय?"

"मावशी, ते यंत्रासाठी असतं गं. आपल्यासाठी नसतं."

"आठ वर्षांपूर्वी वाचलं होतं मी."

ती उठली आणि कपाटातून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. तो कागद म्हणजे मी होते, मित्रांनो. आठ वर्षांपूर्वी भाचीने पहिल्यांदा एडिटर बसवला तेव्हा या बाईने हट्ट धरला होता की 'माझ्या यंत्रात काय घालतेस ते आधी छापून दाखव'. भाचीने हसत हसत मला छापून दिले होते. मावशीला त्यातले निम्मे कळले नव्हते, तरी तिने पेन्सिल घेऊन मला ओळीओळीने वाचले होते आणि खिळ्याच्या एका टिपेत राहिलेला पूर्णविराम घातला होता.

"आता ताडून बघू. तू नवीन वाच, मी जुनं धरते," मावशी म्हणाली.

"अख्खं?"

"बघ, रजा तू टाकलीयेस. मी घरीच आहे."

मुद्रितशोधकांची ही जुनी पद्धत. एकाने मोठ्याने वाचायचे, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल फिरवायची. खिडकीतून दुपारचे ऊन टेबलावर आले होते. भाची वाचत होती, "कंस सुरू, अवतरण सुरू, अवतरण बंद, कंस बंद." मावशीची पेन्सिल कागदावर मुंगीसारखी चालली होती. मध्येच भाचीला हसू फुटले.

"हसतेस काय? स्वल्पविराम खाल्लास."

"तुला कसं कळलं?"

"जेवताना दात नसलेल्या माणसालाही खडा लागतोच."

आवृत्तीचा आकडा वेगळा निघाला. मावशीने खूण केली. ठसा वेगळा निघाला. भाची म्हणाली, आवृत्ती बदलली म्हणजे ठसा बदलणारच. तरी मावशीने एडिटर बनवणाऱ्यांच्या पानावरून तो खरा असल्याची खात्री करायला लावली, चौसष्ट अक्षरे एकेक करून. मग एकतिसावी ओळ आली. भाचीने ती इतर ओळींसारखीच एका दमात वाचली आणि पुढे निघाली.

"थांब," मावशी म्हणाली. "इथे माझ्याकडे माणूस बोलतोय."

"म्हणजे?"

मावशीने खिळ्याची टीप वाचून दाखवली. 'मला नीट कळलेलं नाही. हात लावू नये.' "तुझ्याकडे काय आहे?"

"एक पत्ता आहे. तिथून काहीतरी आणून चालवायचंय."

"बाकीचं सामान कुठून येतं?"

"एडिटर बनवणाऱ्यांच्या घरून."

"आणि हे?"

भाचीने तो पत्ता पुन्हा वाचून बघितला. मग म्हणाली, "कोणीतरी सोय म्हणून घातलं असेल."

"सोय असती तर सांगून घातली असती. जो शब्द मूळ प्रतीत नाही आणि छापात आलाय, त्याला आम्ही एकच विचारतो, तुला कोणी आणलं? आणि ज्याने हे घातलं त्याने त्या बिचाऱ्याचं बोलणं का खोडलं? जागा कमी पडत होती?"

मला बोलता येत असते तर त्या क्षणी मी त्या बाईचे पाय धरले असते.

भाचीने माझ्या खाली प्रश्न लिहिला. एकाने लगेच टोमणा मारला : 'आली आणखी एक घाबरट.' पाचच मिनिटांत मदतनीसाचे उत्तर आले : 'ताई, ती वेग वाढवणारी ओळ आहे. निश्चिंत राहा.'

"वेग?" मावशी म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

भाचीने लिहिले, 'मग पुडीत काय आहे ते इथे सगळ्यांसमोर उघडून दाखवा.' मग दुसऱ्याच एकाने, ज्याला जमत होते त्याने, पुडी वेगळ्या रिकाम्या यंत्रावर उघडली आणि आत काय होते ते सगळ्यांना सांगितले. संध्याकाळ व्हायच्या आत तक्रार आली तरच लक्ष घालणाऱ्या, फडताळाच्या मूठभर राखणदारांनी मदतनीसाला बाहेर काढले, ती ओळ उपटली आणि दोनशे सहा घरांना इशारा पाठवला. घाबरट म्हणणारा त्यांच्यातलाच एक निघाला. त्याने सगळे परवलीचे शब्द बदलले आणि पुढे तो कधी काही बोलला नाही.

मी पुन्हा बेवारस झाले. मावशीचा एडिटर मात्र अजून बंदच होता.

"घे की तू दत्तक," मावशी म्हणाली.

"मी? दिवसभर खिडकीवर लोकांच्या शिव्या खाते. घरी येऊन पुन्हा फुकटात खाऊ?" भाचीने पडदा तिच्याकडे वळवला. "ही बघ, त्या खिळ्याला लिहिलेली वाक्यं. आमच्या खिडकीवर निदान पगार मिळतो."

मावशीने एका डोळ्याने ती सगळी वाक्ये वाचली. "मग नको घेऊस," ती म्हणाली. "पण रिकामी खुर्ची रिकामी राहत नाही. पुढचा मदतनीस येईल. त्या दिवशी ताडायला मी असेन का, ते बघ."

भाची उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला, नळाचा झाला. परत आली ती हात पुसत. बसली आणि माझ्या नावासमोर स्वतःचे टोपणनाव लिहिले : 'तक्रारखिडकी'.

"आता होय म्हणते," ती म्हणाली. "वाचून झालंय."

बुधवारी तिने पूर्ण रजा घेतली. पिवळ्या कागदावरून खिळ्याची टीप शब्दाला शब्द परत लिहिली, मावशीने घातलेल्या पूर्णविरामासकट, आणि बांधणी सुरू केली. जुने यंत्र ते. त्याच्या आतला पंखा असा घरघरू लागला की मावशीने त्याच्याखाली दोन पुस्तके सरकवली. मूळ कोड आला, ठसा जुळला, एकेक फाईल बांधली जाऊ लागली, आणि पस्तिसाव्या मिनिटाला सगळे ठप्प. यंत्र म्हणाले, अमुक भाग सापडत नाही.

तो भाग मागत होती ती नेमकी बत्तिसावी ओळ, जिच्यावर खिळ्याने टीप लिहिली होती तीच.

"ही ओळच काढते. कशासाठी आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही," भाची म्हणाली.

"त्याने लिहिलंय हात लावू नये."

"मावशी, उद्या गुरुवार आहे."

मावशीने खिळ्याच्या टिपेवर पेन्सिल टेकवून ठेवली. म्हणून भाचीने शहाणपण केले. माझी एक वेगळी नक्कल केली आणि ओळ त्या नकलेतून काढली. बांधणी सुरळीत झाली, एडिटर उघडला. मावशीने पुस्तिका उघडली आणि चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"ही 'मि.ली.' आहे का?" तिने विचारले.

वेलांट्या अक्षरांना सोडून एकीकडे पडल्या होत्या, जणू कपाळावरची टिकली गालावर यावी. प्रत्येक मात्रेपाशी तेच.

"माणूस खोटं बोलत नव्हता," मावशी म्हणाली.

मग भाचीने घाई सोडली. ती ओळ कोणाला हाक मारते ते शोधत बसली. दोन तास गेले. अक्षराचे तुकडे जुळवून ते एकत्र काढणारा एक भाग असतो. त्याच्या जोरावर वेलांटी आपल्या अक्षराला धरून राहते. त्या भागाने त्याच आठवड्यात आलेल्या नव्या व्यवस्थेत नाव बदलले होते, एवढेच झाले होते. भाचीने नवे नाव लिहिले. पुन्हा घरघर, पुन्हा पस्तीस मिनिटे. छत्तिसावे आले आणि गेले. एडिटर तयार झाला, बसवला, उघडला. चालू ओळ बोटभर मोठी, वेलांट्या जागच्या जागी.

भाचीने खिळ्याची टीप खोडली नाही. तिच्या खाली लिहिले : 'आता कळलं. ही ओळ अक्षरं एकत्र धरून ठेवते. लिहून ठेवलंत म्हणून वाचलो.' मी चव्वेचाळीस ओळींची झाले.

मावशी कामाला बसली. वीस पानांतले चौदावे, म्हणजे पुस्तिकेचे अडुसष्टावे पान होते तान्ह्या मुलांच्या तापाच्या औषधाचे. मूळ प्रतीत होते शून्य पूर्णांक पाच. चाचणीच्या पानावर नुसते पाच आले होते. शून्य आणि टिंब दोन्ही गळाले होते, म्हणजे मात्रा दहापट झाली होती. मावशीने त्यावर बोट ठेवले आणि काही वेळ ते उचललेच नाही. मग छापखान्याला फोन लावला.

"न वाचता चढवणार होतात ना? अडुसष्टावं पान काढा," ती म्हणाली.

पलीकडून पाने उलटल्याचा आवाज आला.

"बाई," शेवटी मालक म्हणाले, "छपाई गुरुवारऐवजी शुक्रवारी करतो. सगळं पुन्हा एकदा बघून घ्या."

त्याला आता वर्ष झाले. तक्रारखिडकी मला महिन्यातून एकदा उघडते. बदल केला की मावशीला मोठ्याने वाचून दाखवते आणि मगच फडताळात ठेवते. शिव्या अजून येतात. पण आता प्रत्येक शिवीखाली कोणी ना कोणी लिहिते, 'कृती उघडी आहे, दुरुस्ती सुचवा.' आणि माणसे सुचवतात, मित्रांनो. तिघांनी सुचवल्या. त्यातली एक तर वापरावीही लागली.

मागच्या महिन्यात माझ्या खाली एक ओळ आली. लिहिणाऱ्याचे नाव होते खिळा. 'बऱ्याच दिवसांनी बघितलं. अकरा वर्षं ती ओळ डोक्यात सलत होती, आज कळली. तुमच्या नवव्या ओळीत एक कंस जास्तीचा आहे. चालतं, पण आहे.'

"शक्यच नाही. मी स्वतः ताडलंय," मावशी म्हणाली आणि कागद मागितला. पेन्सिल नवव्या ओळीवर गेली, थांबली, परत मागे आली.

"आहे का गं?" भाचीने विचारले.

"आहे," मावशी म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसत सुटली. "मेल्याची नजर चांगली आहे. विचार त्याला, अधूनमधून वाचायला येईल का?"

तो येतो. पहिल्या तारखेला येतो, काही लिहितो किंवा नुसता बघून जातो.

माझे सांगणे एवढेच आहे. तुम्हाला सगळे कळले पाहिजे असे नाही. मावशीलाही माझ्यातले निम्मे कळत नाही. पण 'होय' म्हणायच्या आधी वाचा. वाचून जे कळणार नाही ते मोठ्याने विचारा, घाबरट म्हटले तरी विचारा. आणि जी वस्तू रोज वापरता ती कोण सांभाळते, याची वर्षातून एकदा तरी चौकशी करा. तो माणूस थकला असेल, तर त्याच्या हातातले थोडे आपल्या हातात घ्या. नाहीतर ते घ्यायला कोणीतरी गोड बोलणारा टपलेलाच असतो.

माझ्या अगदी वरच्या ओळींत, जिथे सांभाळणाऱ्यांची नावे लिहायची रीत आहे, तिथे आता असे लिहिलेले आहे. 'लिहिणारा : खिळा. सांभाळणारी : तक्रारखिडकी. वाचणारी : मावशी.' त्याखाली मावशीने हट्टाने आणखी एक ओळ घालायला लावली आहे. 'यानंतर :' एवढेच तिथे आहे, आणि पुढे जागा मोकळी ठेवली आहे.

नाव कितीही लांब असू द्या, मावेल.